ग्रीनकार्डची लढाई एकट्याने लढायची, की शेतमजूर, ड्रीमर्स आणि नर्सेसना बरोबर घेऊन?

एडिसनकर (धागाकर्ता)

अमेरिकेत एच-१बीवर (कुशल नोकरदारांच्या तात्पुरत्या व्हिसावर) असलेल्यांसाठी, आणि त्याहून जास्त इथे नागरिक झालेल्या मराठी मंडळींसाठी हा धागा काढतोय. "आमची कंट्री कॅप (एका देशाला किती ग्रीनकार्डं मिळतील यावरची मर्यादा) काढा, बाकीच्यांशी आम्हाला कर्तव्य नाही" ही भूमिका, मग ते बाकीचे शेतमजूर असोत, नर्सेस असोत की ड्रीमर्स (लहानपणी कागदांशिवाय इथे आणलेली मुलं), आपण सोडायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

नोकरीवर मिळणारी ग्रीनकार्डं वर्षाला साधारण १,४०,०००. आकडा १९९०च्या कायद्यातला, आणि नवरा-बायको, मुलंबाळं सगळी त्यातच मोजायची. शिवाय एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. ईबी-२मध्ये (उच्चशिक्षितांच्या गटात) आज आपल्यातल्या ज्यांचा नंबर लागतोय त्यांनी दहा-बारा वर्षांपूर्वी अर्ज केलेत. हा अन्याय आहे, त्यावर वाद नसावा.

वाद आहे तो उपायावर. जुलै २०१९मध्ये कंट्री कॅप काढण्याचं विधेयक हाऊसमध्ये (संसदेच्या खालच्या सभागृहात) ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. दोन्ही पक्ष बाजूने! पुढे सिनेटमध्ये (वरच्या सभागृहात) सिनेटर रँड पॉल यांनी ते नर्सेससाठी अडवलं, कारण ईबी-३मधली (नर्सेस ज्यात येतात त्या गटातली) कार्डं आपल्या रांगेकडे वळली तर फिलिपिन्सहून येणाऱ्या नर्सेस लटकतात. मग सिनेटर डिक डर्बिन यांनी अडवलं. एकूण कार्डं न वाढवता नुसती रांग बदलली तर इतर देशांचे लोक मागे पडतील, हा त्यांचा आक्षेप. डिसेंबर २०२०मध्ये सिनेटने बदल करून ते मंजूर केलं, पण तो मसुदा हाऊसला मान्य झाला नाही आणि जानेवारीत काँग्रेसची (अमेरिकी संसदेची) मुदत संपली, म्हणजे विधेयक बारगळलं. ज्यांच्याशी आपण आधी बोलायला हवं होतं, त्यांच्याच प्रश्नांवर विधेयक अडलं.

डॅलसचा_देशस्थ

पूर्ण असहमत. एकत्र मोट बांधून काय मिळालं ते बघा. २००६मध्ये सिनेटने इमिग्रेशनचं मोठं विधेयक मंजूर केलं, हाऊसने घेतलं नाही. २००७मध्ये ते सिनेटमध्येच पडलं. २०१३मध्ये चार डेमोक्रॅट आणि चार रिपब्लिकन सिनेटर एकत्र बसले, ६८ विरुद्ध ३२ने मंजूर करून घेतलं, त्यात आपली कंट्री कॅपही जात होती. हाऊसचे स्पीकर बेनर यांनी ते मतदानालाच आणलं नाही. फेब्रुवारी २०२४च्या सीमा विधेयकात वाढीव व्हिसा होते, एच-१बीवाल्यांच्या मुलांना संरक्षण होतं. सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५०, तेही गेलं. दर वेळी आपलं काम सीमेच्या भांडणात बुडतं. सगळ्यात जवळ आपण पोचलो ते एकट्याच्या विधेयकावर.

आणि स्पष्टच बोलतो. नियमाने आलो, टॅक्स भरला, प्रत्येक एक्स्टेंशनला कागद दिले. माझी मुलगी इथे बालवाडीपासून शिकली. २१ पूर्ण झाले की एच-४ (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) संपणार. डीएसीए (ड्रीमर्सना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देणारी योजना) तिला लागू नाही, कारण २०१२मध्ये 'कायदेशीर दर्जा नसणं' ही त्याची अटच होती. आमच्यासाठी तेव्हा कोण उभं राहिलं?

एडिसनकर

मुलीबद्दल वाचून वाईट वाटलं, राग समजतो. पण २०२१मध्ये हाऊसने मंजूर केलेल्या ड्रीम अँड प्रॉमिस विधेयकात एच-४वरची मुलंही होती. उभे राहिले की लोक!

आणि तेही एकट्याचंच विधेयक होतं. त्याच महिन्यात शेतमजुरांचं विधेयक हाऊसमध्ये २४७ विरुद्ध १७४ने गेलं. दोन्ही सिनेटमध्ये अडकली. तिथे ६० मतं लागतात, आणि एकेका गटाकडे ती नाहीत. आणखी एक, शेतमजुरांचं ते विधेयक आणणाऱ्या खासदार झो लॉफग्रेन याच आपलं २०१९चं विधेयकही आणणाऱ्या. त्यांना दोन्ही प्रश्न एका दमात मांडता येतात, मग आपण का बिचकतो?

स्मिता_शिकागो

रांगेत उभ्या माणसाला इथे मत नाही, निवडणुकीला देणगीही देता येत नाही. म्हणजे लढायचं ते इतरांच्या मतांवर. आमच्या मंडळात सत्तर-ऐंशीच्या दशकात आलेले कितीतरी काका-काकू आहेत, सगळे नागरिक. गणपतीला खासदार येतात, आरती होते, फोटो निघतात. पण विषय काढला की "मंडळात राजकारण नको." उमेदवाराचा प्रचार मंडळाने करू नये, मान्य. पण आपल्याच पोरांच्या प्रश्नावर खासदाराला भेटायला कुणाची ना नाही. आधी ही घरची आघाडी उभी करा, शेतमजुरांचं नंतर.

सफरचंदवाली

मी सफरचंदांच्या बागांच्या भागात राहते. खासदाराच्या स्थानिक ऑफिसात आम्ही एकत्र गेलो होतो. एक बागमालक, चर्चचे पाद्री, गावातल्या हॉस्पिटलची मॅनेजर आणि मी. मी बॅकलॉग समजावत होते तेव्हा समोरचा पोरगेला मदतनीस नुसती मान हलवत होता. मग बागमालक बोलला, "तोडणीला माणसं नाहीत, आणि आमच्या हॉस्पिटलातला फिजिओथेरपिस्ट जायच्या तयारीत आहे, कारण त्याच्या मुलाला २१वं लागतंय." तेव्हा त्याने वही उघडली. मुलाचं वय विचारलं, तारीख विचारली. फिजिओथेरपिस्ट आपल्यातलाच, नागपूरचा. त्याची बाजू मांडली ती तीन पिढ्या रिपब्लिकनांना मत देणाऱ्या माणसाने.

२०१३च्या विधेयकाच्या बाजूने १४ रिपब्लिकन सिनेटर उगाच नाही आले. 'बायबल्स, बॅजेस अँड बिझनेस' म्हणत पाद्री, शेरीफ आणि उद्योजक मागे लागले होते. चेंबर ऑफ कॉमर्स (उद्योजकांची संघटना) आणि एएफएल-सीआयओ (कामगार संघटनांचा महासंघ), एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे, कामगार व्हिसावर तडजोडीला बसले. याच कामगार महासंघाने १९८६मध्ये कागद नसलेल्यांना कामावर ठेवणाऱ्या मालकांना दंड करायला पाठिंबा दिला होता, आणि २०००मध्ये भूमिका बदलली. माणसं बदलतात, पण वेळ लागतो.

डॅलसचा_देशस्थ

वेळ लागतो, हेच तर माझं दुखणं आहे. माझ्या मुलीकडे वेळ नाही.

बागमालकाचं पटलं. त्याच्याबरोबर मी उद्या जाईन, पाद्र्यांबरोबरही जाईन. पण एकत्र जाणं वेगळं आणि सगळ्यांच्या मागण्या एका विधेयकात कोंबणं वेगळं. वयामुळे बाहेर पडणाऱ्या मुलांचं छोटं विधेयक स्वतंत्र असू दे, त्याला शेतमजुरांच्या संघटनेने पाठिंबा द्यावा. मी त्यांच्या विधेयकासाठी फोन करीन.

एडिसनकर

चालेल. मग पहिला फोन आपण करू, त्यांच्या फोनची वाट न बघता. स्मिताताई, मंडळातल्या नागरिक काका-काकूंपैकी कोण यायला तयार आहे, एवढं विचाराल का?

डॅलसचा_देशस्थ

मी करतो. पण "सगळं किंवा काहीच नाही" असं कुणी म्हणालं, तर त्या दिवशी मी बाहेर.