परदेशी सेवाकार्य: पहिल्या दोन दिवसांत काय दिसलं?

सर्वांना जय ख्रिस्त.

आमच्या मंडळीच्या तरुण संघातली मुलं दिवाळीच्या सुट्टीत नेपाळला सेवेसाठी निघाली आहेत. त्यांच्यासाठी प्रार्थना चालू आहेच. पण परक्या देशात पाऊल ठेवल्यावर आधी काय नजरेत भरतं, मन कुठे अडखळतं, हे जाऊन आलेल्यांनीच सांगावं. पूर्ण साक्ष किंवा अहवाल नको, फक्त पहिले दिवस लिहा. देश कुठलाही चालेल. माझं मत आधीच सांगते: जो संघ तिथल्या मंडळीच्या हाताखाली राबला, त्याचंच काम मागे टिकलेलं मी पाहिलं आहे.

मिरजेहून, परिचारिका

नेपाळ म्हटल्यावर मला लिहायलाच हवं. पाल्पा जिल्ह्यात तानसेनला मिशनचं रुग्णालय आहे, १९५४ पासूनचं. आमचं मिरजेचं वानलेस रुग्णालय १८९४चं, त्यामुळे मिशन दवाखाना मला नवा नव्हता; नवा होता तो डोंगर. पहिल्याच सकाळी एका आजींना त्यांच्या नातवाने पाठीवरच्या टोपलीत बसवून आणलं. टोपलीचा पट्टा त्याच्या कपाळावर ताणलेला. गाडीरस्ता त्यांच्या गावापासून कितीतरी खाली होता. ड्यूटी सुरू व्हायच्या आधीच मला कळलं, की इथे रुग्णाला ‘परत या’ म्हणताना दहादा विचार करायचा.

उपासना शनिवारी असते, कारण सुट्टी शनिवारची. २५ एप्रिल २०१५चा भूकंपही शनिवारीच झाला, दुपारी बाराच्या सुमारास, मंडळ्या उपासनेला जमलेल्या असताना. त्या दिवसाबद्दल लोक आपणहून बोलतात. तेव्हा ऐकून घ्या, लगेच वचन सांगायला जाऊ नका.

आणि एक गोष्ट मुलांच्या मनावर ठसवा. दुसऱ्याचं धर्मांतर करायला तिथल्या २०१५च्या राज्यघटनेने मनाई केली आहे, कायद्यात शिक्षाही आहे. पत्रकं नेऊ नका. तिथले पाळक सांगतील तेवढंच बोला. आपण सुट्टी संपली की परततो, चौकशीला तोंड द्यावं लागतं ते त्यांना.

नाशिकहून

मी शरणपूरचा. आमच्या मिशनच्या वस्तीत एकोणिसाव्या शतकात आफ्रिकन मुलं शिकायला होती, हे लहानपणी ऐकलेलं. गुलामांच्या गलबतांवरून इंग्रजी आरमाराने सोडवलेली मुलं ती. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी आणि संशोधक लिव्हिंग्स्टन, त्याचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत जेकब वेनराइट होता, तो याच शाळेचा. पुढे यांतले बरेच जण पूर्व आफ्रिकेत परतले आणि मोंबासाजवळच्या फ्रीअर टाउनमध्ये राहिले. ती वसाहत १८७५ साली उभी राहिली. नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचं.

आमचा गट मोंबासाला उतरला तेव्हा मला हे सगळं पुस्तकी वाटत होतं. दुसऱ्या दिवशी आम्हाला फ्रीअर टाउनच्या जुन्या घंटेपाशी नेलं. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, कुठून आलात? नाशिक म्हणताच त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. त्यांच्या मंडळीची सुरुवात सांगताना ते माझ्या गावाचं नाव घेत होते, आणि माझ्या गावात ती मुलं कोणाला आठवतही नाहीत! सेवेला निघताना आपण प्रथमच कुठेतरी जातोय असं मनात असतं. तसं नसतं. आपल्या आधी माणसं जाऊन आलेली असतात, तिथली आपल्याकडे राहून गेलेली असतात. जायच्या आधी एवढा अभ्यास कराच.

उपासनेतलं अर्पणही पाहण्यासारखं होतं. अंडी, केळी, एक जिवंत कोंबडा. उपासना संपल्यावर अंगणात त्यांचा लिलाव झाला आणि पैसे मंडळीच्या पेटीत गेले. आपल्याकडच्या कापणीच्या सणाची आठवण झाली.

वसईहून, धर्मभगिनी

मी मंगोलियात होते, उलानबातरला. थंडीचं सगळे विचारतात. ती आहेच, श्वास पापण्यांवर गोठतो. पण माझं लक्ष लोकांकडे गेलं. कॅथेड्रल त्यांच्या गोल तंबूच्या आकाराचं आहे आणि आत बसलेल्या बहुतेक प्रौढांनी मोठेपणी, स्वतः ठरवून बाप्तिस्मा घेतलेला. तिथलं मिशन १९९२मध्ये नव्याने सुरू झालं. सगळ्या देशात कॅथलिक दीड हजारांच्या आसपास, आमच्या एखाद्या मोठ्या धर्मग्रामाहूनही (पॅरिशहूनही) कमी. आमच्या वसईत श्रद्धा पोर्तुगीज काळापासून घराण्यात चालत आलेली. तिथे एका आजोबांनी मला विचारलं, “तुम्ही कधी ठरवलंत?” त्या प्रश्नाने मला रात्रभर झोप लागली नाही, आणि त्याबद्दल मी देवाचे आभार मानते. मीठ घातलेला दुधाचा चहा मात्र पहिल्या घोटालाच आवडला.

ह्यूस्टनहून

थोडक्यात लिहितो. आमचा चर्चचा गट मेक्सिकोत घर बांधायला गेला होता. ज्यांच्यासाठी बांधत होतो ते गृहस्थ स्वतः गवंडी निघाले. दुपारपर्यंत सूत्रं त्यांच्या हातात होती आणि भिंत तेव्हा कुठे सरळ चढू लागली. आधीच विचारलं असतं तर आमच्या तिकिटांच्या पैशांत त्यांनी आणखी दोन घरं उभी केली असती, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. चर्चमध्ये मी हे बोललो आहे.

धागा सुरू करणारी

सिस्टर, दादा, सगळ्यांचे आभार. मिरजेच्या ताई, मुलींनी कपडे कसे न्यावेत? आणि तानसेनला पोहोचायचं कसं?

मिरजेहून

कुर्ता-सलवार, ओढणी, एक जाड स्वेटर. चपला बाहेर काढून जमिनीवर बसायचं, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. भेटल्यावर ‘जयमसी’ म्हणायचं. गीतांचं पुस्तक देवनागरीत आहे, पहिल्या दिवसापासून सोबत गाता येईल. गोरखपूरहून सुनौलीची सरहद्द, मग भैरहवा, बुटवल, आणि तिथून घाट चढून तानसेन. घाटात गाडी लागते, लिंबू जवळ ठेवा. घड्याळं सुनौलीलाच पंधरा मिनिटं पुढे करायला सांगा.