नाटकाचा तास मागितला होता का कधी? (नाशिककरांचा अनुभव धागा)

नमस्कार मंडळी. मी सध्या कॉलेज रोडला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. धाग्याचं निमित्त म्हणजे दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर सापडलेलं एक पाकीट. आम्ही नववीत असताना हेडसरांना दिलेल्या अर्जाची झेरॉक्स त्यात निघाली. ‘विषय : आठवड्यातून एक तास नाट्यशीक्षणासाठी मिळणेबाबत.’ शी दीर्घच. खाली बारा सह्या, पण माणसं अकराच, कारण एका बहाद्दराने संख्या वाढावी म्हणून दोनदा सही ठोकलीय.

झालं होतं असं की त्या वर्षी गॅदरिंग रद्द झालं. सगळे चिडलेले. तेव्हा वर्गातली एक मुलगी म्हणाली, “झालं असतं तरी मला कुठं घेतलं असतं?” ऑफ तास होता, म्हणून आम्ही मोजलंच. चौसष्टांचा वर्ग. नाचातली मागची रांग सोडून, पहिलीपासून एकदाही स्टेजवर एक वाक्य बोलायला मिळालं नाही असे किती? सत्तेचाळीस हात वर. उरलेल्या सतरांतही दरवर्षी तेच नऊ जण. मी त्या नवांतली. इतकी वर्षं मला वाटायचं, बाकीच्यांना आवडत नसेल.

मग ‘गॅदरिंग करा’ असं लिहिलेला कागद फाडला आणि तास मागितला. ज्यांना अभिनय येतो त्यांनाच गॅदरिंगला बाई निवडतात, तासाला मात्र ज्यांना येत नाही त्यांनाही शिकवावं लागतं, एवढा साधा हिशेब.

हेडसरांनी अर्ज वाचून विचारलं, “याला मार्क किती?” इंटरमिजिएट चित्रकलेच्या अ श्रेणीला दहावीत ७ मार्क वाढतात हे सगळ्यांना पाठ होतं. आमच्याकडे असा आकडा नव्हता. दोनदा सही करणारा तोच बहाद्दर म्हणाला, “सर, प्रार्थनेला पण मार्क नाहीत.” सर हसले नाहीत. पण शनिवारचा शेवटचा तास मिळाला, चित्रकलेच्या खोलीत. जानेवारीत तो गणिताने परत नेला. तोवर एकूण सात तास झाले.

तुमचं काय? विद्यार्थी म्हणून मागितलं असेल, शिक्षक म्हणून नाकारलं असेल, पालक म्हणून वैतागला असाल, लिहा. शाळेचं किंवा कुणाचं नाव मात्र घालू नका.

---

विंगेतला

ताई, आमच्या वेळी असं काही मागायचं असतं हेच माहीत नव्हतं! मी आता अठ्ठावन्नचा. गाव कसलं, तर नाटककार वसंत कानेटकर सर एचपीटी कॉलेजात शिकवायचे आणि तात्यासाहेब शिरवाडकर याच शहरात राहायचे. त्यांचं ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आलं १९७० ला, म्हणजे मी दोन-तीन वर्षांचा होतो तेव्हापासून इथे नाटकाचा जयघोष. आणि आमच्या शाळेत नाटक म्हणजे शिवाजी महाराजांच्या दरबारात चार मावळे एका रांगेत माइककडे तोंड करून उभे.

आम्ही तिघांनी सरांना विचारलं, “नाटक बसवू का?” सरांनी गच्चीची किल्ली दिली आणि सांगितलं, खाली आवाज येता कामा नये. झालं आमचं नाट्यशिक्षण! पुढे रविवार कारंजाजवळच्या मंडळात गणपतीत नाटकं केली. पिंपांवर फळ्या टाकलेलं स्टेज, शेजारच्या मंडळाचा कर्णा आमच्याकडेच वळवलेला. मी ओरडून ओरडून बोलायचो. लागोपाठ तीन गणपती विसर्जनापर्यंत घसा बसलेला. आवाज पोटातून काढायचा, वाक्याआधी श्वास कुठे घ्यायचा, हे मला बत्तिसाव्या वर्षी राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमीत कळलं. शिकवायला दहा मिनिटं लागली त्या दिग्दर्शकाला. दहा मिनिटं! कुणा बाईंनी हे सातवीत सांगितलं असतं तर?

त्यामुळे तुमचे सात तास मला कमी वाटत नाहीत.

---

फ्यूजवाला

मी स्टेजवर कधीच गेलो नाही आणि मला जायचंही नव्हतं. आमच्या शाळेत (सिडको) आठवी-नववीच्या पोरांनी नाट्यमंडळ मागितलं, तेव्हा यादीत माझं नाव मित्राने घातलं.

पहिल्या प्रयोगाला कुणाच्या तरी काकांनी दोन पार लाइट (स्टेजवरचे झोतदिवे) आणून दिले, एक-एक हजार वॉटचे. मी दोन्ही एकाच बोर्डावर लावले. नायिकेचं रडणं सुरू झालं आणि अख्ख्या हॉलचा ब्लॅकआउट. ती अंधारात रडत राहिली, लोकांना वाटलं मुद्दाम केलंय, टाळ्या पडल्या. शिपाईमामा मेणबत्ती घेऊन आले आणि त्यांनी माझा कान धरला.

सोमवारी विज्ञानाच्या सरांनी मला फळ्यापाशी बोलावलं. हजार भागिले दोनशे तीस. एका दिव्याला सव्वाचार अँपिअरच्या वर, दोनांना साडेआठच्या वर, आणि सॉकेट सहाचं. “आता सांग, कान कुणाचा धरायचा?” धडा मी आधी वाचला होता, पण समजला त्या दिवशी. पुढे इलेक्ट्रिकल डिप्लोमाच केला.

दुसऱ्या वर्षी मंडळ बंद करायची भाषा सुरू झाली, तेव्हा पालकसभेत बोलायला मला पाठवलं. का, तर नट मंडळी बोलली असती तर ‘ही नाटकीच आहेत’ असं झालं असतं. मी फळ्यावर तेच गणित मांडलं. चार वाक्यं बोललो असेन. मंडळ आणखी दोन वर्षं टिकलं.

---

खडू-डस्टर

शिक्षिका आहे, नाशिकरोड. थोडी दुसरी बाजूही ऐका.

मुलं म्हणतात, नाटकाचे सर द्या. कुठून देणार? संच मान्यतेत (शाळेला कुठले किती शिक्षक ते ठरवणारी सरकारी मंजुरी) नाट्यशिक्षक असं पदच नाही. कलाशिक्षक म्हणजे चित्रकलेचा, कारण आर्ट टीचर डिप्लोमा चित्रकलेचा असतो. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभरावर पट असेल तर कलेसाठी अंशकालीन निदेशक असावा असं लिहिलंय, पण ‘कला’ म्हणजे कुठली ते शाळेवर. शाळा काय निवडते ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि प्रगतिपुस्तकात ‘कला’ या ओळीपुढे श्रेणी भरायची असतेच. मी स्वतः भरलीय, एका संध्याकाळी, साठ मुलांची, हजेरीपटाकडे बघत. अभिमानाने सांगत नाहीये.

तरी माझ्या वर्गाने अर्ज आणला तेव्हा मी आधी रागावलेच. अर्जात शेवटी लिहिलं होतं, ‘आम्ही गोंगाट करणार नाही.’ नाटक शिकायचं आणि गोंगाट नाही? हसू आलं आणि तिथेच मी फसले. मराठीचे आठवड्याचे तास होते त्यातला एक मी दिला, वेळापत्रकाला हात न लावता. धड्यातला संवाद दोघा-दोघांनी उभं राहून बोलायचा, मग भूमिका बदलायच्या. सावकार झालेल्याने शेतकरी व्हायचं. साठ मुलं, तीस जोड्या, गोंगाट भयंकर. शेजारच्या वर्गातून दोनदा निरोप आला.

निकाल वाढला का ते विचारू नका, मोजलेला नाही. मधल्या सुट्टीतल्या भांडणात एका मुलाने दुसऱ्याला सांगितलं, “थांब, आता तू मी हो,” हे मात्र कानांनी ऐकलंय.

---

सातपूरचा बाप

मी मुलांच्या नाटकाच्या अर्जाविरोधात सही केली होती. प्रामाणिकपणे सांगतो. फी भरायला ओव्हरटाइम करतो, मुलगी दहावीच्या उंबरठ्यावर, आणि शाळा म्हणते शनिवारी तालीम. माझी चूक झाली असं अजूनही वाटत नाही. एकच खटकलं. मुलीने सही करताना मला अडवलं नाही, फक्त विचारलं, “बाबा, अर्ज वाचलात का?” वाचला नव्हता.

---

धागाकर्ती

काका, लिहिलंत हे फार बरं केलंत. आमच्या अकरांतल्या दोघांच्या घरीही हेच झालं होतं.

---

विजयानंदची पायरी

आमचा अर्ज वेगळाच होता. आठवीत इतिहासाच्या बाईंनी नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन याचा वध शिकवला. २१ डिसेंबर १९०९, अनंत कान्हेरे, विजयानंद नाट्यगृह. वर्गातल्या एकाने विचारलं, “बाई, नाटक कुठलं चालू होतं?” बाई म्हणाल्या, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी सांगितलं, ‘संगीत शारदा’. कलेक्टरची बदली झाली होती म्हणून त्याच्या निरोपाचा प्रयोग.

मग प्रश्न थांबेनात. ‘शारदा’त काय आहे? पैशासाठी कोवळ्या मुलीचं लग्न म्हाताऱ्याशी. म्हणजे स्टेजवर ते आणि प्रेक्षागृहात हे? कान्हेरे आमच्याहून तीन-चार वर्षांनीच मोठा. तो प्रेक्षकांत बसून वाट बघत असताना त्याला नाटक दिसत असेल का? आम्ही लिहून दिलं की हा धडा आम्हाला करून बघायचाय, दोन तास द्या. बाईंनी दिले. बाकं सरकवून अर्ध्या वर्गाला प्रेक्षक केलं. गोळी झाडायची भूमिका कुणी घेईना! शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघाली त्याने नुसता हात वर केला आणि तो तसाच उभा राहिला, बराच वेळ. कुणी हसलं नाही.

परीक्षेत ‘टीपा लिहा’मध्ये तो प्रश्न आलाच नाही, हे सांगायला हवं.

---

सोंगाड्या

मी पेठकडचा, आश्रमशाळेत शिकलो. आमच्या गावात बोहाडा होतो. रात्रभर सोंगं नाचतात, सुरुवातीला गणपती आणि सारजा (सरस्वती), मग एकेक देव नि दैत्य, सोबत संबळ आणि सनई. मुखवटा जड असतो. आत घाम, रंगाचा वास, आणि दिसायला डोळ्यांपुरती दोन भोकं. पाऊल संबळावर टाकायचं, कारण खाली बघताच येत नाही.

सातवीत आम्ही सरांकडे गेलो, स्नेहसंमेलनात सोंगं करू द्या म्हणून. सर म्हणाले, “ते गावाकडचं. इथं नाटक करा.” नाटक म्हणजे कॅसेटवरचं गाणं आणि झाडं लावा. आम्ही परत गेलो, पुन्हा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा एका पोराच्या आजोबांना घेऊन गेलो. आजोबा काही बोलले नाहीत. पिशवीतून मुखवटा काढून टेबलावर ठेवला. सरांनी तो उचलून बघितला, स्वतःच्या तोंडापुढे धरला आणि आतून विचारलं, “श्वास कसा घेता रे?” त्या वर्षी आम्ही वीस मिनिटं सोंगं केली.

नाट्यशिक्षण द्या म्हणणाऱ्या सगळ्यांना माझं एवढंच म्हणणं, शहरातून सर पाठवायच्या आधी गावात कोण शिकवतंय ते विचारा.

---

कॉलेज रोड ते न्यू जर्सी

माहेर नाशिक, आता इकडे. लेक हायस्कूलच्या थेस्पियन मंडळात आहे. १९२९ पासून चालत आलेली ही शाळकरी नाटकवाल्यांची संघटना. इथे मार्च हा ‘शाळेतल्या रंगभूमीचा महिना’ म्हणून पाळतात आणि मुलं लोकप्रतिनिधींना भेटायला जातात. आधी मला वाटलं, सहल असेल. पण लेकीची तयारी बघून चाट पडले. आपली गोष्ट दोन मिनिटांत सांगायची, रडगाणं नाही, नेमकं काय हवंय ते शेवटी. इथल्या २०१५ च्या शिक्षण कायद्यात सर्वांगीण शिक्षणामध्ये कला धरल्या आहेत, ते कलम तिला पाठ. प्रत्यक्ष भेटले ते साहेबांचे मदतनीस. साहेब मीटिंगमध्ये. आहे की नाही आपल्यासारखंच?

इकडे सगळं आलबेल आहे असं समजू नका. पैसे कमी पडले की इथेही कात्री आधी नाटकावरच.

---

इंदिरानगर सहावी क

(मी आई टाइप करतेय, मुलगा सांगतोय.) आमची सीबीएसई. नवीन कलेचं पुस्तक आहे, ‘कृती’, २०२४ ला आलेलं. त्यात चित्र, संगीत, नाट्य, नृत्य असे चारही भाग. वर्गात फक्त चित्राचा झाला. आम्ही सहा जण पुस्तक घेऊन प्रिन्सिपल मॅमकडे गेलो आणि नाट्याची पानं उघडून दाखवली. मॅम म्हणाल्या, “घरी वाचून घ्या.” आम्ही म्हणालो, “मॅम, एकट्याने संवाद कसा वाचायचा?” मॅम म्हणाल्या, बघू.

(आई : दीड महिना झाला. रोज शाळेतून आल्यावर पहिलं वाक्य, “अजून बघतायत.”)

---

खडू-डस्टर

इंदिरानगरच्या आईंना : शाळा अनुदानित किंवा सरकारी असती तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडा म्हटलं असतं, तिथे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. तुमच्याकडे पालक-शिक्षक संघ असेल. तोंडी नको, लेखी द्या आणि पोच घ्या. पोच घेतलेल्या कागदाला शाळेत वेगळी वागणूक मिळते, आतल्या माणसाचं ऐका.

---

धागाकर्ती

सगळ्यांचं वाचतेय. सोंगाड्या दादा, तुमचा मुखवटा डोक्यातून जाईना.

पोचेवरून आठवलं. काल शाळेत गेले होते, बोनाफाइड हवं होतं. ऑफिसातल्या मामांनी ओळखलं. म्हणाले, तुमचा तो अर्ज अजून आवक फायलीत आहे, गेल्या आठवड्यात आताची नववीची पोरं येऊन मोबाइलवर फोटो काढून गेली. त्या पोरांचा नवा अर्जही मामांनी दाखवला. शब्दन् शब्द आमचा, दीर्घ शीसकट. फक्त ‘एक तास’च्या जागी ‘दोन तास’. सह्या एकतीस. मी मोजल्या, कुणी दोनदा केलेली दिसली नाही.