मदत हवी आहे: "हो, करतो" म्हणायची सवय अंगाशी आली आहे

नमस्कार मंडळी. मी कामचुकार नाही, पण कुणी काही मागितलं की तोंडातून आधी "हो, परवापर्यंत देतो" निघतं आणि विचार नंतर येतो. परवाचं तेरवा होतं. गेल्या महिन्यात एका सहकाऱ्याने मला तारीख विचारली आणि माझ्यासमोरच स्वतःच्या वहीत चार दिवस पुढची लिहिली. बोलला काहीच नाही. ते फार लागलं.

घरीही तेच. बहिणीला "येतो" म्हटलं की ती विचारते, "नक्की, की तुझं नेहमीचं?"

वाचताना कळलं की कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये याला 'प्लॅनिंग फॅलसी' असं नाव दिलं होतं. आपण डोळ्यासमोरच्या कामाचाच अंदाज बांधतो, तसल्या मागच्या कामांना प्रत्यक्षात किती वेळ लागला ते बघतच नाही. म्हणून आता प्रत्येक कामाचा ठरवलेला आणि लागलेला वेळ लिहून ठेवतोय. (आकडे बघून लाज वाटते, ते सोडा.)

अंदाज सुधारेल हो, पण एकदा गेलेली पत परत कशी मिळवायची? उशीर होणार हे दिसलं की किती आधी सांगता? वरिष्ठांना तोंडावर "या आठवड्यात जमणार नाही" कसं म्हणता? आणि आधीच दिलेल्या, आता झेपत नसलेल्या तीन वायद्यांचं काय करू? माफी मागून मागे घेऊ, की रखडत का होईना पुरे करू? यातून गेलेल्यांनी कृपया स्पष्ट सांगा.