मदत हवी आहे : पामीर हायवेवर सायकलच्या मागच्या चाकाचे स्पोक तुटताहेत

मुक्काम मुरगाब, ताजिकिस्तान. चाक 26 इंची, 36 स्पोकचं. आठवड्यात तीन स्पोक गेले, तिन्ही चेनच्या बाजूचे, हबपाशी (चाकाच्या मधल्या भागापाशी) जिथे वाकतात तिथेच. बदलून चाकाचा आउट (डगमग) काढला, पाच किलो सामान पुढच्या पॅनियरमध्ये (चाकालगतच्या पिशवीत) टाकलं, हवाही थोडी कमी केली. रिमला निपलपाशी (स्पोक आवळायच्या छोट्या नटापाशी) चीर नाही. मात्र त्या बाजूचे काही स्पोक बोटाने छेडले की ढब्ब वाजतात. ताण कमी असावा. सैल स्पोक दर फेऱ्याला हलतो आणि वाकापाशी थकून तुटतो. कॅसेट (मागची दातेरी चक्रं) काढायचं टूल आहे, ताणमापक नाही. जादा स्पोक चारच. पुढे 4,655 मीटरची अक-बायताल खिंड, रस्ता खडबडीत. चेनच्या बाजूच्या अठराही निपलना अर्धा फेरा द्यावा का? चाक मधोमध राहावं म्हणून डावीकडे किती?