मदत हवी आहे : द्राक्षाच्या ओलांड्यावरील खवले कीड कोणती?

तासगाव तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेत खरड छाटणीनंतर ओलांड्यांची (वेलीच्या आडव्या फांद्यांची) सुटलेली साल काढताना दोन किडी आढळल्या. पहिली पिठ्या ढेकूण आहे, यात शंका नाही. अंगावर पांढरी भुकटी, चिरडल्यावर तांबूस द्रव, भोवती चिकटा (किडीने सोडलेला गोड चिकट द्रव) आणि मुंग्या. दुसरी मात्र करडी, चपटी, गोल ठिपक्यासारखी असून सुईने कवच उचलले की ते अलगद सुटते आणि पिवळसर कीड सालीलाच चिकटून राहते. चिकटाही दिसत नाही. या खुणा डायस्पिडिडी (कवचधारी खवले किडींच्या) कुळाच्या आहेत, कारण कॉक्सिडी कुळातील मऊ खवले किडीचे आवरण असे वेगळे होत नाही.

शेजारच्या उसात पाचटाखाली कांड्यांवर मेलानास्पिस ग्लोमेराटा ही खवले कीड आहे. तीच वेलीवर येऊ शकते का, की ही निराळी प्रजाती आहे? भिंगातून दिसेल अशी खात्रीची खूण आणि नमुने जतन करण्याची रीत जाणकारांनी कृपया सांगावी. अशा खवले किडी पिल्लावस्थेतच रांगतात, लांबचा प्रवास बहुधा रोपे-काड्यांसोबत करतात. आशियातला गुलाबी पिठ्या ढेकूण १९९४ मध्ये थेट कॅरिबियनमधील ग्रेनाडात आढळला होता. कलमासाठी आमच्या बागेतील काड्यांना मागणी आहे, आणि ओळख पटेपर्यंत एकही काडी बाहेर द्यायची नाही असे आम्ही ठरवले आहे.