आधी मापं जुळवा, पेटल की गोल ते नंतर

बाइकचा ब्रेक दाबल्यावर लिव्हरला धक्के येतात म्हणून पेटल डिस्क (पाकळ्यांसारखी कड असलेली ब्रेकची चकती) घ्यायची का, असं तुम्ही विचारलंय. खर्च करण्याआधी जुनी डिस्क मोजा. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. मायक्रोमीटर (स्क्रू फिरवून जाडी मोजायचं साधन) लावून गोल फिरत सहा-सात ठिकाणी मोजा. व्हर्नियर (सरकत्या जबड्यांची मोजपट्टी) कडेच्या न झिजलेल्या ओठावर टेकतो आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दाखवतो.

बदलायचीच असेल तर बाहेरचा व्यास, मधलं भोक, बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, जाडी आणि ऑफसेट (बोल्टची बैठक आणि पॅड घासतात तो भाग यांच्या पातळीतला फरक) ही पाचही मापं जुळायला हवीत. ऑफसेट बहुतेक जण विसरतात, मग डिस्क कॅलिपरच्या, म्हणजे तिच्यावर पॅड दाबणाऱ्या भागाच्या, मध्यावर येत नाही. एबीएस असेल तर चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची रिंग नव्या डिस्कवर बसते का ते बघा. मोठी डिस्क कॅलिपरचा ब्रॅकेट बदलल्याशिवाय बसत नाही. पेटलचा आकार रोजच्या वापरात फारसा फरक पाडत नाही, दिसते मात्र छान.

बसवताना हबवरचा (चाकाच्या मधल्या भागावरचा) गंज आणि जुनं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) पूर्ण खरवडून काढा. तिथे राहिलेला एक कणसुद्धा नवी डिस्क डुगडुगवतो. बोल्ट नवे घ्या, निळं थ्रेडलॉक लावा, समोरासमोरचे आळीपाळीने मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा. पॅडही नवेच टाका, जुन्यांवर जुन्या डिस्कच्या खाचा उमटलेल्या असतात. मग मोकळ्या रस्त्यावर ब्रेक दाबून ताशी ५० किमीवरून १० पर्यंत आठ-दहा वेळा हळूहळू वेग उतरवा, मध्ये डिस्क थंड होऊ द्या.