‘अँटेनेटल’ला मराठीत काय लिहू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
आमच्या गावातल्या आशाताईंना वाटायला गरोदरपणातल्या तपासण्यांवर दोन पानांचं पत्रक लिहिते आहे. ‘अँटेनेटल’पाशी, म्हणजे गरोदरपणातलं, बाळंतपणाआधीचं या अर्थाच्या इंग्रजी शब्दापाशी, गाडी अडली आहे. नोंदवहीत सगळीकडे ‘एएनसी’ (‘अँटेनेटल केअर’चं लघुरूप). ताई तर बाईलाच एएनसी म्हणतात, ‘वाडीवर तीन एएनसी आहेत’. पण पत्रक वाचणार पहिलटकरीण आणि तिची सासू.

‘प्रसवपूर्व तपासणी’ लिहिलं, तर एकीने विचारलं, “सोनोग्राफीच्या कायद्यातली का?” तिचं बरोबरच आहे. हा शब्द तिने दवाखान्याच्या भिंतीवरच वाचलेला, 1994 च्या गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्याच्या नावात. तपासणी म्हणजे मुलगा की मुलगी पाहणं, असा समज झाला तर पत्रक न काढलेलं बरं. ‘प्रसूतिपूर्व’ म्हटलं की कळा यायच्या आधीचे चार दिवस डोळ्यांपुढे येतात. मला तर पाळी चुकली की लगेच नाव नोंदवा, हे सांगायचं आहे. ‘जन्मपूर्व’मध्ये बाळ आहे, आई कुठेच नाही.

शिवाय मोजणीचा घोळ. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 40 आठवडे, म्हणजे 280 दिवस धरतात. घरी मात्र ‘सातवा लागला’. 28 आठवडे भरले म्हणजे सहा महिने होऊन वर साधारण बारा-तेरा दिवस, म्हणजे सातवा चालू. ‘लागला’ आणि ‘भरला’ यांत महिन्याचं अंतर पडतं. हे सोपं कसं लिहू?

आणि ‘पेरिनेटल’? 22 आठवडे भरल्यापासून जन्मानंतरच्या सात दिवसांपर्यंतचा काळ एका शब्दात बसतो का?

प्रतिसाद:
ताई, मी उपकेंद्रात नर्स आहे. सरळ ‘गरोदरपणातली तपासणी’ लिहा, सासूलाही कळतं. ‘एएनसी’ एकदा तरी छापा, कार्डावर तेच दिसतं. ‘पेरिनेटल’ला एक शब्द शोधू नका, ‘बाळंतपणाच्या आगेमागे’ म्हणा आणि आठवडे खाली द्या. महिन्यांचं म्हणाल तर आम्ही ‘कितवा?’ विचारतच नाही, पाळी कधी आली होती ते विचारतो. तारीख आठवत नसेल तर सण विचारतो, ‘पोळ्याच्या आधी की नंतर?’ पत्रकावर तारखेसाठी रिकामी चौकट ठेवा. आणि दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, ते मोठ्या अक्षरांत घ्या.

धागाकर्ती:
चौकट वरच घेते, ताई. सणांची नावंही बाजूला छापू का?